एकसरचे वीरगळ एकसरलाच पाहू द्या

परदेशी प्रवासी जहाज बॅलार्ड पिअरला लागले की त्यावरच्या पाहुण्यांना एका दिवसात मुंबई दाखवायची, हा व्यवसाय जुना आहे आणि त्याचा मार्गही ठरून गेलेला आहे. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मणिभवन, धोबीघाट. हाताशी अर्धा दिवस असेल तर लाँचने घारापुरी. 20 सप्टेंबर 2025 रोजी मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. एका वेळी पाच जहाजे आणि वर्षाला 10 लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. प्रवासी वाढणार, बसगाड्या वाढणार, सहली वाढणार. सहलींचा नकाशा मात्र सहसा माहीमच्या खाडीशी येऊन थांबतो.

खाडीपलीकडे, बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावात, समुद्रावरची लढाई अंगावर कोरलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत. जहाजातून उतरलेल्या माणसाला दाखवायला याहून समर्पक गोष्ट मुंबईत दुसरी नाही. तरीही एकसरला सहली न्याव्यात असा विषय निघाला की ठरावीक हरकती पुढे येतात. उपनगरात जुने असे काही नाही, ही पहिली. हे दगड स्टोनहेंजसारखे प्रागैतिहासिक नाहीत, मग त्यांचे कौतुक कसले, ही दुसरी. त्यांच्यावरचा लेख झिजून गेला आहे, तेव्हा ठामपणे सांगण्यासारखे काही उरलेले नाही, ही तिसरी. त्यांना जपायचेच असेल तर संग्रहालयात हलवा, ही चौथी. आणि गाइडमागे फिरणारे घोळके अशा जागांची वाट लावतात, ही पाचवी. या हरकती घेणारी माणसे वाईट हेतूची नाहीत. त्यांतल्या अनेकांना वारशाबद्दल खरी कळकळ आहे. म्हणूनच प्रत्येक हरकतीला नीट उत्तर देणे भाग आहे, कारण या सगळ्यांचा एकत्रित परिणाम एकच होतो: एकसरला कोणी जात नाही, आणि जिथे कोणी जात नाही त्या जागेची चौकशीही कोणी करत नाही.

आधी दगडांकडे पाहू. 1882 साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्यात एकसरच्या सहा वीरगळांचे तपशीलवार वर्णन आहे. तेव्हा ते एका तळ्याकाठी, आमराईत उभे होते. त्यांतले मोठे दगड सुमारे 10 फूट उंचीचे. महाराष्ट्रात वीरगळ हजारांनी आहेत आणि त्यांची मांडणी साधारण सारखी असते. सर्वांत खालच्या पट्टीत लढाई आणि वीराचा मृत्यू, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश. एकसरचे दगडही याच परंपरेतले. पण त्यांच्या खालच्या पट्ट्यांत जमिनीवरच्या लढाईबरोबर गलबतांचे ताफे आहेत. नाळ उंच उचललेली जहाजे, एकेका बाजूला नऊ वल्ह्यांची रांग, डेकवर धनुष्य ताणून उभे राहिलेले तिरंदाज, आणि घाव वर्मी लागून पाण्यात कोसळणारी माणसे. ज्या काळच्या कोकणी आरमाराचे एकही लाकूड शिल्लक नाही, त्या आरमाराची ही चित्रे आहेत. होड्यांची बांधणी कशी होती, वल्ही किती होती, लढताना माणसे कुठे उभी राहत, हे सांगणारा इतका बोलका पुरावा मुंबईच्या किनाऱ्यावर दुसरीकडे नाही.

आता पहिली हरकत. मुंबईचा इतिहास म्हणजे सात बेटे, पोर्तुगीजांनी दिलेले आंदण, इंग्रजांचा किल्ला आणि मग गिरण्या, असा एक क्रम शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. त्या क्रमात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे येतात ती लोकल आल्यानंतर, जणू त्याआधी तिथे नुसती भातखाचरे आणि मिठागरे होती. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ही उपनगरे ज्यावर वसली आहेत ते साष्टी बेट हेच या प्रदेशाचे जुने अंग. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. सातवाहनकाळापासून पुढची कित्येक शतके तिथे भिक्षू राहत होते, आणि तिथल्या दानलेखांत सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत. अंधेरीला महाकाली लेणी आहेत, जोगेश्वरीला सहाव्या शतकातले प्रचंड शैव लेणे आहे. बोरिवली-दहिसरच्या वेशीवरच्या मंडपेश्वर लेण्यात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात चर्च केले. हे सगळे फोर्टातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा हजार-हजार वर्षांनी जुने आहे.

पाहुण्यांनी येऊन पाहण्याची रीतही इथे नवी नाही. कान्हेरीच्या नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. इ.स. 1009 आणि 1021 या वर्षी लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि तारखा तिथे नोंदवून ठेवल्या. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही दूरचे पाहुणे साष्टीत येऊन डोंगर चढत होते. आज त्याच बेटावर मेट्रो धावते. 2 एप्रिल 2022 रोजी सुरू झालेल्या पिवळ्या मार्गिकेवर मंडपेश्वर आणि एकसर अशी दोन स्थानके एकापाठोपाठ आहेत. रोज हजारो माणसे या दोन नावांच्या पाट्या वाचतात. त्या पाट्यांमागचा इतिहास सांगणारा माणूस तेवढा नेमायचा राहिला आहे.

अंतराचा मुद्दाही इथेच निकालात काढायला हवा. चर्चगेट ते बोरिवली रेल्वेने सुमारे 34 किलोमीटर, जलद लोकलने तासाभराचा प्रवास. गेटवेहून घारापुरीला लाँचने जायलाही तासभर लागतो आणि परतीला तेवढाच. तरी घारापुरी लांब पडते, असे कोणी सहल-संयोजक म्हणत नाही, कारण तिथे जायचे हे ठरलेले आहे. तेव्हा अडचण अंतराची नाही, ठरवण्याची आहे.

दुसरी हरकत वयाची. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर रिंग ऑफ ब्रॉडगर नावाचे उभ्या दगडांचे वर्तुळ आहे, लुईस बेटावर कॅलनिशचे दगड आहेत. दोन्ही सुमारे साडेचार ते पाच हजार वर्षांपूर्वीचे. ऑर्कनीची लोकसंख्या जेमतेम 22,000, पण तिच्या कर्कवॉल बंदरात दर वर्षी शंभराहून अधिक क्रूझ जहाजे लागतात आणि त्यांतले प्रवासी गाइडबरोबर हे दगड पाहायला जातात. त्यांच्यापुढे साडेसातशे वर्षांपूर्वीचे वीरगळ म्हणजे कालपरवाचे, असे म्हटले जाते.

हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. ब्रॉडगरचे दगड कोणी, कशासाठी उभारले याबद्दल पाच हजार वर्षांनंतर अंदाजच बांधता येतात. त्या दगडांवर कथा नाही. एकसरच्या दगडांवर कथा आहे, माणसे आहेत, त्यांची हत्यारे आहेत, मरण आहे आणि मरणानंतर काय होते याविषयीची श्रद्धाही आहे. दगडाची योग्यता केवळ वर्षांनी ठरवायची असेल, तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलपुढे स्टोनहेंजलाही मान खाली घालावी लागेल. सुमारे 61 मीटर उंचीचा काळ्या बसाल्टचा हा सुळका साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तयार झाला, आणि त्याचे उभे खांब आजही स्पष्ट दिसतात. खाणकामाने आजूबाजूची टेकडी खाऊन टाकली तरी माथ्यावरच्या गावदेवीच्या देवळासकट तो उभा आहे. त्याला महापालिकेने वारसास्थळाचा दर्जा दिला आहे. क्रूझ सहलींच्या ठरलेल्या यादीत तोही नाही.

आणि उपनगरात प्रागैतिहासिक काही नाही, हे विधानही खरे नाही. नौदलातले अधिकारी लेफ्टनंट कमांडर के. आर. यू. टॉड यांनी 1930च्या दशकात कांदिवली परिसरात आणि मढ-मार्वेकडच्या किनाऱ्यावर दगडी हत्यारे गोळा केली. 1939 साली त्यांनी मुंबईच्या पुराश्मयुगीन अवजारांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे सूक्ष्मास्त्रांवरही लिहिले. कांदिवलीच्या नाल्याकाठच्या थरांत सापडलेली ती हत्यारे स्टोनहेंजच्या कितीतरी आधीची. एकसरपासून ती जागा फार लांब नाही. प्रागैतिहासिक काळ हवाच असेल, तर तोही एकाच दिवसाच्या सहलीत सांगता येतो.

शिवाय उभा दगड आणि मृताची आठवण यांचे नाते महाराष्ट्रात अखंड आहे. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथे लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. त्यांच्याखाली माणसे पुरलेली आहेत, लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे अलंकार आहेत. गडचिरोलीच्या भामरागड भागात माडिया गोंड आजही आपल्या मृतांसाठी दगड रोवतात. वीरगळांची परंपरा या प्रदेशात शतकानुशतके चालली. एस. सेत्तर आणि गुंथर सोन्थायमर यांनी 1982 साली संपादित केलेल्या स्मृतिशिळांवरच्या ग्रंथात हा विषय सबंध देशाच्या पातळीवर मांडला गेला आहे. ज्या परंपरेचे एक टोक लोहयुगात आहे आणि दुसरे आजच्या भामरागडात, तिच्या मधल्या टप्प्यावर एकसर उभे आहे. असा सलग धागा ऑर्कनीच्या गाइडला दाखवता येत नाही. एकसरच्या गाइडला येतो.

तिसरी हरकत अधिक गंभीर आहे, कारण ती अभ्यासाच्या नावाने घेतली जाते. दगडांवर अक्षरे होती, ती झिजली, आता वाचता येत नाहीत. मग हे युद्ध कोणाचे, मेलेले कोण, जिंकले कोण, हे कशावरून सांगायचे? आणि निश्चित सांगता येत नसेल तर पाहुण्यांपुढे दंतकथा मांडायच्या काय?

नाही, दंतकथा मांडायच्या नाहीत. अभ्यासकांनी काय तर्क केला आणि कशाच्या आधारावर केला, तो सांगायचा. तेराव्या शतकात उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते आणि त्यांची राजधानी ठाणे. शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीचा यादव राजा महादेव 1261मध्ये गादीवर आला आणि त्याने कोकणावर चाल केली. या महादेवाचा श्रीकरणाधिप (राजदफ्तराचा प्रमुख) हेमाद्री, म्हणजे ज्याच्या नावाने महाराष्ट्रात हेमाडपंती देवळे ओळखली जातात तोच हेमाडपंत. आपल्या ग्रंथाच्या प्रशस्तीत त्याने सोमेश्वराचा शेवट सांगितला आहे: महादेवाच्या कोपाला सामोरे जाण्यापेक्षा त्याने समुद्रात बुडून जाणे पत्करले, अशा अर्थाचा. त्याच प्रशस्तीत महादेवाच्या हत्तीदळाचा उल्लेख येतो. एकसरच्या दगडांवर जमिनीवरच्या लढाईत हत्ती आहेत आणि समुद्रावरच्या लढाईत गलबते. या दोन गोष्टी जुळवून अभ्यासकांनी वीरगळांचे नाते सुमारे 1265च्या या संघर्षाशी लावले. त्याआधी काहींनी ते याहून जुने मानले होते.

हा तर्क कसा उभा राहिला, हे सांगण्यासारखे नाही असे कोण म्हणेल? एका बाजूला राजदरबारातल्या विद्वानाने लिहिलेली विजयाची स्तुती, दुसऱ्या बाजूला गावच्या तळ्याकाठी कोण्या अनाम पाथरवटाने कोरलेली मृत माणसे. स्तुतीत राजा बुडतो. दगडावर त्याच्याबरोबर बुडालेले शिपाई आणि खलाशी दिसतात. कागदावर त्यांना जागा नव्हती, ती दगडावर मिळाली. अक्षरे झिजल्यामुळे त्यांची नावे गेली, पण चित्रे राहिली. चित्रातून इतिहास कसा वाचायचा, कुठे खात्रीने बोलायचे आणि कुठे थांबायचे, हे ऐन दगडापुढे उभे राहून शिकता येते. पाहुण्यांना अर्धवट सत्य सांगण्याची भीती असेल, तर चांगले गाइड तयार करावेत. गाइडच नकोत, हे त्या भीतीचे उत्तर होऊ शकत नाही.

तसे गाइड तयार करण्याची सामग्री मुंबईतच आहे. मुंबई विद्यापीठाच्या बहि:शाल शिक्षण विभागात पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालत आले आहेत. 2015च्या सुमारास सुरू झालेल्या साष्टी सर्वेक्षण प्रकल्पात विद्यापीठ, साठ्ये महाविद्यालय आणि अभ्यासकांच्या संस्थेने मिळून बेटावरच्या वस्त्या, देवळे, लेणी पायाखाली घातली आणि वीरगळ, गद्धेगाळ (शापवचनाचे दगड), मूर्ती यांच्या नोंदी केल्या. कुर्ला, मरोळ, मुलुंडच्या चाळींमधून वाट काढत हे काम करणारी मुले उपनगरातलीच होती. त्यांच्याकडे माहिती आहे, डोळा आहे, भाषा आहे. त्यांच्यापुढे ऐकणारी माणसे आणून उभी करणे एवढेच बाकी आहे.

चौथी हरकत सर्वांत आकर्षक वाटते. शहराच्या रेट्यात हे दगड टिकणार नाहीत, शेजारी इमारती उभ्या राहतात, गटारे फुटतात, कोणी तैलरंग फासतो. त्यापेक्षा ते उचलून संग्रहालयात न्यावेत, काचेआड ठेवावेत, तिथे सगळ्यांना पाहता येतील.

हा उपाय मुंबईने आधी करून पाहिलेला आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे. घारापुरीला उतरणाऱ्या खलाशांना किनाऱ्यावर एक भव्य दगडी हत्ती दिसत असे. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. 1864 साली हा हत्ती विलायतेला नेण्यासाठी उचलण्याचा प्रयत्न झाला. उचलताना यारी मोडली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून टाकले. पुढे 1914मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. घारापुरीला जाणाऱ्या पाहुण्याला बेटाचे नाव सांगितले जाते आणि ज्याच्यावरून ते नाव पडले तो हत्ती दाखवता येत नाही. भायखळ्याला हत्ती पाहणाऱ्याला बेट दाखवता येत नाही. दोन्ही ठिकाणी अर्धीच गोष्ट उरली.

सोपाऱ्याचेही तसेच झाले. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा शोधून काढला आणि बुरुडराजाच्या कोटातला स्तूप उकरला. शिलालेख आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, स्तूपातल्या वस्तू एशियाटिक सोसायटीत गेल्या. हे सुरक्षित राहिले, याबद्दल कृतज्ञ राहायला हवे. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. पण नालासोपाऱ्यात वाढणाऱ्या मुलाला आपल्या गावी सम्राट अशोकाचा लेख होता, हे बघायला फोर्टात यावे लागते. दगड वाचला, गावाची त्याच्याशी असलेली ओळख सुटली. गोव्यातही नौकायुद्धाचे कदंबकालीन वीरगळ संग्रहालयात पाहायला मिळतात. कोरीवकाम डोळ्यांपुढे असते, पण ते गलबत कोणत्या खाडीतून निघाले असेल, हा प्रश्न त्या दालनात कोणाच्या मनात येत नाही.

एकसरला तो प्रश्न आपोआप पडतो. गोराई आणि मनोरीच्या खाड्या जवळ आहेत, तिकडे आजही फेरी बोटी चालतात, कोळीवाडे आहेत, ओहोटीला चिखलात टेकलेल्या होड्या आहेत. दगडावरची गलबते याच पाण्यावरून गेली असणार, हे कळायला तिथे नकाशा काढावा लागत नाही. वीर जिथे स्मरला गेला, त्या गावच्या मातीत त्याचा दगड उभा आहे, हाच वीरगळाचा अर्थ. तो उचलला की उरते फक्त शिल्प.

राहिला पूजेचा प्रश्न. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळांना शेंदूर लागतो, नारळ फुटतो, हळदीकुंकू वाहिले जाते. काही अभ्यासकांना यात नासधूस दिसते. पण सातशे वर्षे हे दगड फोडून कोणी पायरीला का लावले नाहीत, याचे उत्तर त्या पूजेतच आहे. कायदा, खाते, कुंपण यांपैकी काहीही नव्हते तेव्हा गावाने त्यांना देव मानले, म्हणून ते राहिले. आता त्यांचे खरे नुकसान होते ते सिमेंट आणि तैलरंगाने. सिमेंट दगडाला चिकटते आणि काढताना कोरीवकामासकट निघते. तैलरंग कोरलेल्या रेघा बुजवतो आणि आतला ओलावा कोंडतो. हे गावकऱ्यांना समजावून सांगितले तर ते ऐकतात, मात्र सांगणाऱ्याचे तिथे नियमित येणे-जाणे हवे. गाइड आठवड्यातून तीनदा तिथे उभा राहत असेल, तर नव्या रंगाचा डबा उघडायच्या आधी त्याला विचारले जाईल.

पाचवी हरकत अर्धी खरी आहे, आणि ती अर्धी बाजू मान्य केली पाहिजे. स्टोनहेंजमध्ये लोक दगडांवर चढत, बसत, पायांनी माती झिजवत. शेवटी 1970च्या दशकाअखेर आतल्या वर्तुळाभोवती दोर लावावा लागला. ब्रॉडगरला पायवाटा चिखल होऊन खचल्या आणि आतली वाट काही काळ बंद ठेवावी लागली. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कार्नाक इथे तीन हजारांहून अधिक उभे दगड रांगांनी लावलेले आहेत. तिथे गर्दीने गवत मेले, माती वाहून गेली, दगडांची मुळे उघडी पडू लागली, तेव्हा 1991 साली कुंपण घातले.

पण कार्नाकने पुढे काय केले, हे हरकत घेणाऱ्यांनी पाहायला हवे. तिथे एप्रिल ते सप्टेंबर या गर्दीच्या महिन्यांत दगडांच्या रांगांमध्ये फक्त गाइडबरोबर, ठरावीक संख्येच्या गटानेच जाता येते. हिवाळ्यात मोकळे फिरता येते. माती सावरली, गवत परत उगवले, आणि 2025 साली कार्नाक आणि मॉर्बिहानचा किनारा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गाइड असलेली सहल तिथे दगडांच्या संरक्षणाचे साधन झाली. गटाची संख्या, चालण्याची वाट, हात लावायचा की नाही, कोणत्या ऋतूत आत जायचे, हे सगळे गाइड सांभाळतो. गाइड नसलेली गर्दी यातले काहीच सांभाळत नाही.

आणि एकसरला आज जो धोका आहे तो गर्दीचा नाहीच. जोगेश्वरीच्या लेण्यांच्या माथ्यापर्यंत घरे आली, ती पर्यटकांमुळे आली नाहीत. गिल्बर्ट हिल खाणींनी पोखरली, ती पाहुण्यांनी पोखरली नाही. उपनगरातल्या प्राचीन जागांना मारले ते दुर्लक्षाने. ज्या जागेवर रोज दहा डोळे असतात, तिथे राडारोडा टाकायला ट्रक येत नाही. ज्या दगडापुढे आठवड्याला चार गट उभे राहतात, तो रस्तारुंदीत हलवायचा असेल तर कोणाला तरी विचारावे लागते. बोरिवलीसारख्या भागात, जिथे जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहण्याचा वेग रोज दिसतो, तिथे पाहणारी माणसे हेच कुंपण आहे.

तेव्हा काय करायचे, तेही स्पष्ट सांगायला हवे. चाळीस आसनांची बस एकसरच्या गल्लीत नेऊ नये. गट बारा-पंधरा जणांचा असावा आणि तो मेट्रोने आणावा. परदेशी पाहुण्याला मुंबईची मेट्रो हाही एक अनुभवच आहे. सकाळी मंडपेश्वर लेणे, नंतर एकसरचे वीरगळ, मग गोराईच्या जेट्टीवरून खाडी, आणि ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांच्यासाठी कान्हेरी. दुपारचे जेवण तिथल्याच कोळी किंवा ईस्ट इंडियन घरी ठरवता येते. दगडांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर पाणी ओतून फोटो काढायचे नाहीत, पूजा चालू असेल तर ती संपेपर्यंत बाजूला थांबायचे. हे नियम गटाला स्टेशनवरच सांगावेत.

गाइड गावातला किंवा निदान बोरिवलीतला असावा, आणि त्याच्या फीमधला ठरलेला वाटा दगडांच्या परिसराच्या देखभालीला जावा. दगडांजवळ मराठीत एक फलक हवा. त्यावर काय निश्चित आहे, काय तर्क आहे आणि कोणत्या मुद्द्यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत, हे तीन भाग वेगवेगळे लिहावेत. झिजत चाललेल्या पट्ट्यांचे त्रिमितीय चित्रण आत्ताच करून ठेवावे, कारण पावसाळा कोणासाठी थांबत नाही आणि 1882 साली दिसलेले सगळेच तपशील आज त्याच ठळकपणे दिसतील अशी अपेक्षा धरता येत नाही. दगडांवर छप्पर घालायचे की नाही, घातले तर कसे, हे संवर्धनातल्या जाणकारांनी गावाशी बसून ठरवावे.

या कामाला कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही, भूसंपादन लागत नाही. पर्यटन संचालनालयाने प्रशिक्षणाची एक तुकडी काढावी, महापालिकेने फलक आणि स्वच्छता बघावी, बंदरातल्या सहल-संयोजकांनी आपल्या यादीत एक ओळ वाढवावी. पण जहाजांचा हंगाम सुरू होण्याची वाट बघत बसण्याचेही कारण नाही. या सहलीचे पहिले प्रवासी बोरिवली, दहिसर, कांदिवलीच्या महापालिका शाळांतली सातवी-आठवीची मुले असावीत. त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात यादव आहेत आणि त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर यादवांच्या कोकण स्वारीशी जोडले जाणारे दगड आहेत. येत्या शैक्षणिक वर्षात ही भेट अभ्यासाचा भाग करायला शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते मागण्याचा अधिकार या भागातल्या प्रत्येक पालकाला आहे.